जुन्या मोटारीचा डॅशबोर्ड उतरवताना : क्रम, खूण आणि ‘का?’ शिकवणारा पाठ



कार्यशिक्षणाच्या तासाला काय घ्यायचं, हा प्रश्न दर वर्षी पडतो. मग कागदी फुलं, आकाशकंदील, फार तर कुंडीत रोप लावणं, यावर वर्ष निघून जातं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा ‘दप्तराविना दिवस’ सुचवले आहेत. त्या दिवसांत मुलांनी गावातल्या सुताराकडे, माळ्याकडे, कुंभाराकडे जाऊन काम पाहावं आणि करावं, अशी कल्पना आहे. या यादीत मोटार दुरुस्ती करणारा मेकॅनिकही बसतो. पण त्याच्या कामात ‘शिकण्यासारखं’ काय आहे, हे आपल्यालाच नीट माहीत नसेल तर मुलं तिथे जाऊन नुसती उभी राहतील.

म्हणून आज एक नेमकं काम घेऊ : जुन्या स्पोर्ट्स कारचा डॅशबोर्ड आणि त्यावरची ट्रिम, म्हणजे आतली कव्हरं, पट्ट्या, गाद्या, न मोडता उतरवणं. हे काम करायला आपल्याला गाडी लागणार नाही. पण त्यातला विचार समजला की गणित, विज्ञान आणि शिस्त यांचे तीन-चार चांगले तास त्यातून निघतात.

उदाहरणाची गाडी

आपण ‘एमजीबी’ ही ब्रिटिश गाडी घेऊ. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डच्या या गॅरेजमधून हे नाव सुरू झालं. आज आपल्या रस्त्यांवर एमजी नावाच्या ज्या गाड्या दिसतात त्यांचं नाव तेच आहे, त्या नावाची मालकी मात्र आता चिनी कंपनीकडे आहे. एमजीबी ही दोन आसनी, उघड्या टपाची गाडी ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावात १९६२ ते १९८० पर्यंत तयार होत होती. टपाच्या जीटी गाड्या धरून पाच लाखांहून अधिक गाड्या बनल्या आणि त्यातल्या बऱ्याच अमेरिकेला गेल्या. म्हणूनच आजही तिकडे आणि ब्रिटनमध्ये हौशी लोक घराच्या गॅरेजमध्ये ही गाडी स्वतः खोलतात आणि जोडतात.

सुरुवातीच्या गाड्यांचा डॅशबोर्ड पोलादी पत्र्याचा असे. त्यावर काळा, सुरकुत्या पडल्यासारखा खरखरीत रंग असे, म्हणजे उन्हात काच चमकल्यासारखा तो डोळ्यांवर चमकत नाही. १९६८ पासून अमेरिकेत नवे सुरक्षा नियम आले. अपघातात डोकं किंवा गुडघा पत्र्यावर आपटू नये म्हणून तिकडे जाणाऱ्या गाड्यांना फोमची जाड गादी असलेला डॅश बसवला. लोकांनी त्याला गमतीने ‘अ‍ॅबिंग्डनची उशी’ असं नाव दिलं. ब्रिटनमधल्या गाड्यांत पत्र्याचा डॅश पुढेही काही वर्षं राहिला. आपण पत्र्याच्या डॅशचं काम पाहू.

हात लावण्याआधी

अनुभवी माणूस पहिला अर्धा तास एकही स्क्रू काढत नाही. तो बघतो. चारी बाजूंनी फोटो काढतो, डॅशखाली आडवा पडून टॉर्च मारून मागची बाजू पाहतो. मग या गोष्टी जवळ घेतो : लहान पिशव्या, चिकटपट्टी, न पुसणारा पेन आणि अंड्यांचा ट्रे.

अंड्यांचा ट्रे कशाला? तर काढलेले स्क्रू क्रमाने ठेवायला. पहिल्या खळग्यात पहिले निघालेले, दुसऱ्यात त्यानंतरचे. जोडताना शेवटच्या खळग्यापासून मागे यायचं. साठ वर्षं जुन्या गाडीत एकाच पट्टीचे दोन स्क्रूही सारखे असतील असं नाही. मधल्या कोणीतरी कधीतरी लांब स्क्रू घातलेला असतो. तोच लांब स्क्रू चुकून दुसऱ्या भोकात गेला तर मागची वायर भोसकतो. म्हणून ‘सगळे स्क्रू एका डब्यात’ ही पद्धत इथे चालत नाही.

बॅटरी : पाठांतर आणि समज

हा या पाठाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. डॅशमागे वायरींचं जाळं असतं, त्यामुळे आधी बॅटरी सोडवायची. कुठल्याही गॅरेजमध्ये विचारा, उत्तर येईल : ‘आधी मायनस काढायचं.’ आजच्या गाड्यांसाठी ते बरोबर आहे. पण १९६७ पर्यंतच्या एमजीबीत हाच नियम पाळला तर धोका होतो.

का ते पाहू. गाडीत प्रत्येक दिव्याला दोन वायरी ओढत नाहीत. बॅटरीचं एक टोक गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडतात आणि सांगाडाच परतीची वायर होतो. याला अर्थ करणं म्हणतात. आता समजा आपण सांगाड्याला न जोडलेल्या टोकाचा नट आधी सोडवायला घेतला. पान्याचं एक टोक त्या नटावर, दुसरं टोक चुकून पत्र्याला लागलं. पत्रा दुसऱ्या टोकाशी जोडलेलाच आहे. म्हणजे लोखंडी पान्याने बॅटरीची दोन टोकं थेट जुळली. प्रचंड प्रवाह, ठिणगी, पाना हातात तापतो, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीजवळ हायड्रोजन वायू असू शकतो, त्यामुळे भडका उडण्याचीही भीती.

उलट, सांगाड्याला जोडलेलं टोक आधी सोडवलं तर? पाना पत्र्याला लागला तरी काही होत नाही, कारण ती दोन्ही ठिकाणं आधीच जोडलेली आहेत. ते टोक सुटल्यावर परतीचा रस्ताच तुटतो. मग दुसरं टोक निवांत काढा.

आता मुख्य गोष्ट : सुरुवातीच्या एमजीबीत सांगाड्याला मायनस नव्हे, प्लस जोडलेला असे. म्हणून तिथे आधी प्लस काढायचा! १९६७ च्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या आवृत्तीपासून मायनस अर्थ झाला. शिवाय अनेक मालकांनी जुन्या गाड्या नंतर बदलून घेतल्या आहेत, त्यामुळे गाडीचं वर्ष पाहूनही भागत नाही. वायर कुठे जाते ते डोळ्यांनी पाहायचं. त्यातच या गाडीत आसनांच्या मागे, झाकणाखाली, अगदी अरुंद जागेत ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून १२ व्होल्ट केलेले असत. पान्याला वळायला जागा कमी आणि आजूबाजूला सगळा पत्रा.

तर नियम ‘आधी मायनस’ हा नाहीच. नियम आहे ‘आधी अर्थ’. पहिला पाठ केलेला आहे, दुसरा समजलेला. आपल्या वर्गात हा फरक रोज दिसतो, नाही का? ‘बाजू बदलली की चिन्ह बदलतं’ असं म्हणणारा मुलगा समीकरण थोडं वेगळं आलं की अडतो. दोन्ही बाजूंना तीच क्रिया केली, हे कळलेली मुलगी अडत नाही. हे उदाहरण फळ्यावर आकृती काढून सांगा.

पान्यांचं गणित

आपल्याकडचे पाने मिलिमीटरचे असतात, ११, १२, १३, १४. एमजीबीचे बहुतेक नट-बोल्ट इंचाच्या मापाचे आहेत. सहावी-सातवीच्या अपूर्णांकांना हा आयता प्रश्न आहे. १ इंच = २५.४ मिमी.

• ७/१६ इंच × २५.४ = ११.११ मिमी. ११ चा पाना बसतच नाही, १२ चा जवळजवळ ०.९ मिमीने सैल पडतो.
• १/२ इंच × २५.४ = १२.७ मिमी. १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो, पण ०.३ मिमीची फट राहते.
• ९/१६ इंच × २५.४ = १४.२९ मिमी. १४ चा बसत नाही, १५ चा सैल.

यातलं सर्वांत फसवं माप कोणतं, ते मुलांना विचारा. बहुतेक जण ०.९ मिमी म्हणतील. खरं म्हणजे मधलं. कारण ०.९ ची फट हाताला लगेच कळते आणि माणूस थांबतो. ०.३ ची फट कळत नाही, तो जोर लावतो, आणि गंजलेल्या नटाचे कोपरे घासून तो गोल होतो. मग डॅशखाली, हात जेमतेम पोचतो अशा ठिकाणी, तो नट काढणं म्हणजे दिवस घालवणं. ‘जवळपास बरोबर’ उत्तर केव्हा चालतं आणि केव्हा नाही, याची याहून चांगली ओळख पुस्तकात सापडणार नाही.

उतरवण्याचा क्रम

आता प्रत्यक्ष काम. थोडक्यात सांगते, पण प्रत्येक पायरीचं कारण बघा.

१) स्टिअरिंगची बाजू मोकळी करा. स्टिअरिंगच्या दांड्याभोवतीचं दोन भागांचं कव्हर स्क्रू काढून उतरवतात. दांड्याला डॅशखाली आधार देणारे बोल्ट सोडले की तो थोडा खाली घेता येतो. तिथे जाड-पातळ वॉशर सापडले तर कुठला कुठे होता ते लिहून ठेवा. ते फट भरायला मोजून घातलेले असतात.

२) मधला कन्सोल काढा. डॅशच्या मध्यभागी खाली रेडिओ-स्पीकरची चौकट असते. ती निघाली की हात आत जातो. आधी जागा, मग काम.

३) बटणं ओढू नका. हीटरच्या गोल बटणांत एक बारीक भोक असतं. त्यात पातळ तार घालून आतली स्प्रिंगची पिन दाबली की बटण अलगद निघतं. ज्याला हे माहीत नाही तो स्क्रूड्रायव्हरने उचकटतो, बटण तडकतं, रंगाला चरा जातो. वस्तू निघत नसेल तर ती अडलेली असते असं नाही, बरेचदा आपल्याला तिची युक्ती दिसलेली नसते.

४) स्विचांच्या कड्या. खटक्याच्या स्विचभोवती चकचकीत कडी असते. तिला समोरासमोर दोन खाचा असतात. त्या खाचांत बसणारं दोन टोकांचं हत्यार मिळतं. टोकदार पक्कड वापरली तर ती घसरते आणि त्या खरखरीत काळ्या रंगावर कायमची रेघ ओढते.

५) मीटर काढा. प्रत्येक मीटर मागच्या बाजूने एका पट्टीने आणि दातेरी कडेच्या नटाने धरलेला असतो. हे नट बोटांनीच फिरवायचे. मीटर समोर, म्हणजे आपल्याकडे निघतो. वेगमापकाला इंजिनाच्या बाजूने, गिअरबॉक्समधून, फिरणारी केबल येते. तिची दातेरी चकती आधी सोडवायची. मीटरमधले छोटे दिवे नुसते खोचलेले असतात, होल्डर धरून ओढा, वायर धरून नाही.

६) शेवटी पत्रा. डॅशच्या वरच्या कडेला मागून नटांची रांग असते, खाली स्क्रू. सगळे निघाले की लगेच ओढायचं नाही. दोघांनी दोन बाजूंनी धरून तो थोडा पुढे कलवायचा आणि मागे टॉर्च मारायची. एक तरी वायर राहिलेली असतेच. ती सोडवली की मगच बाहेर.

मण्याचं कोडं

मीटरांमध्ये एक मीटर वेगळा आहे : तेलाचा दाब आणि पाण्याचं तापमान एकत्र दाखवणारा. सुरुवातीच्या गाड्यांत हा विजेवर चालत नाही. तेलाच्या बाजूला इंजिनाचं खरोखरचं तेल बारीक नळीतून डॅशपर्यंत येतं. तो जोड सोडताना खाली फडकं धरायचं आणि जोडातला छोटा वॉशर हरवायचा नाही.

तापमानाची बाजू तर आठवी-नववीच्या विज्ञानासाठीच केल्यासारखी आहे. इंजिनात पाण्याच्या वाटेवर एक बंद फुगा बसवलेला असतो, त्यात ईथर. पाणी तापलं की ईथरची वाफ वाढते, तिचा दाब केसासारख्या बारीक तांब्याच्या नळीतून मीटरपर्यंत पोचतो. मीटरमध्ये चपटी, वाकवलेली नळी असते. दाब वाढला की ती थोडी सरळ होऊ पाहते आणि काटा हलतो. तोंडाने फुंकल्यावर जत्रेतली कागदी पिपाणी उलगडते ना, तसंच.

फुगा, नळी आणि मीटर ही एकच बंद वस्तू आहे. मधला कुठलाही जोड सुटत नाही. नळी कापली किंवा मुडपली की ईथर गेलं आणि मीटर संपला.

आता कोडं : मीटर डॅशच्या भोकातून फक्त पुढे निघतो, कारण त्याची कडा भोकापेक्षा मोठी आहे. नळी मात्र त्याच भोकातून मागे इंजिनाकडे गेली आहे. मग डॅशचा पत्रा गाडीबाहेर कसा काढायचा? पत्रा जणू दोऱ्यात ओवलेला मणी झाला आहे. वर्गात हे दोरा, एक मोठं बटण आणि पुठ्ठ्याला भोक पाडून करून दाखवा. मुलं स्वतःच सांगतील : दुसरं टोक सोडवा! म्हणजे इंजिनातलं पाणी थोडं काढून फुगा तिकडून सोडवायचा आणि नळी हळूहळू आत ओढून घ्यायची. अडचण डॅशपाशी दिसते, तिची गाठ मात्र बॉनेटखाली असते.

वायरींची भाषा

या ब्रिटिश गाड्यांत वायरींचे रंग ठरलेले असत :

• तपकिरी : बॅटरीकडून थेट, मध्ये फ्यूज नाही
• पांढरा : किल्ली फिरवल्यावर चालू, फ्यूज नाही
• हिरवा : किल्लीनंतर, फ्यूजमधून
• जांभळा : किल्लीशिवायही चालू, पण फ्यूजमधून
• निळा : मुख्य दिवे
• लाल : बाजूचे छोटे दिवे
• काळा : अर्थ

मूळ रंगावर दुसऱ्या रंगाची रेघ असली की उपशाखा समजायची. उदाहरणार्थ, पेट्रोलच्या टाकीकडून येणारी वायर हिरवी आणि तिच्यावर काळी रेघ. एकदा हे कळलं की वायरींचा गुंता राहत नाही, वाक्य वाचल्यासारखं वाचता येतं. पण सावधान : साठ वर्षांत तपकिरी, जांभळा आणि लाल हे रंग मळून एकसारखे दिसतात. म्हणून रंगावर विसंबून न राहता प्रत्येक वायरीला चिकटपट्टीचा झेंडा लावून लिहायचं : ‘वेगमापक, डावा दिवा’. ‘लक्षात राहील’ असं म्हणणाऱ्याला दुसऱ्या रविवारी काहीही आठवत नाही.

जुनं कव्हर तडकतं का?

डॅशवरच्या गाद्या आणि पट्ट्यांवर व्हिनिल असतं, म्हणजे पीव्हीसी. पीव्हीसी मुळात कडक. त्याला मऊ ठेवण्यासाठी आत तेलासारखा पदार्थ मिसळतात. ऊन आणि वर्षं यांमुळे तो पदार्थ हळूहळू निघून जातो. नव्या गाडीच्या काचेवर आतून धुरकट थर येतो, त्यात याच पदार्थाचा वाटा असतो. तो गेला की कव्हर आक्रसतं, कडक होतं, आणि थंडीत वाकवलं तर कडकन तुटतं. म्हणून जाणकार माणूस इंग्लंडच्या थंडीत ट्रिम काढायच्या आधी खोली उबदार करतो किंवा पट्टी थोडी कोमट करून घेतो, आणि उचकटायला लोखंडाऐवजी लाकडाची किंवा प्लॅस्टिकची चपटी पट्टी वापरतो.

पुन्हा जोडताना

पुस्तकात एकच ओळ असते : ‘उलट क्रमाने जोडा.’ त्यात दोन गोष्टी लिहिलेल्या नसतात. पहिली, सगळे नट आधी हाताने दोन-तीन आटे बसवायचे, मगच आवळायचे. एक पूर्ण आवळला तर शेजारचं भोक जुळत नाही. दुसरी, शेवटची पट्टी बसवण्याआधी बॅटरी जोडून सगळे दिवे, मीटर, हॉर्न तपासायचे. बॅटरी जोडताना क्रम उलटा, अर्थ सर्वांत शेवटी. का, ते आता मुलं सांगतील.

वर्गात कसं घ्यावं

गाडी नको. चार-चार मुलांच्या गटाला बंद पडलेलं सेलवरचं घड्याळ, सायकलची घंटा किंवा जुना टॉर्च द्या. मिक्सर, टीव्ही, मायक्रोवेव्ह असं घरच्या विजेवर चालणारं काहीही उघडायला देऊ नका. बंद असतानाही काहींमध्ये वीज साठून राहते.

एका गटाने वस्तू उतरवायची, चित्र काढायचं, तुकडे अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवायचे आणि सूचना लिहायच्या. जोडायचं मात्र दुसऱ्या गटाने, फक्त त्या सूचना वाचून. पहिल्या गटाने तोंडाने काही सांगायचं नाही. ‘तो छोटा स्क्रू’ असं लिहिलेलं असेल तर दुसरा गट अडतो. मराठीच्या तासाला सूचनालेखनाचे गुण देताना जे समजावून सांगावं लागतं ते इथे आपोआप कळतं. गुण द्यायचेच असतील तर जोडलेल्या वस्तूला देऊ नका, सूचनांना द्या.

पालकांसाठी दोन शब्द

‘अभ्यास कर, नाहीतर गॅरेजमध्ये पाने पुसत बसशील.’ हे वाक्य आपल्या घरांत किती सहज बोललं जातं! वर पाहिलंत ना : बॅटरीचा क्रम, ०.३ मिमीची फट, ईथरचा दाब, रंगांची भाषा. यातलं काहीही अभ्यासाशिवाय येत नाही. त्या वाक्यातून मुलाला दोन गोष्टी चुकीच्या कळतात. एक, हाताचं काम डोक्याशिवाय होतं. दोन, ते करणारा माणूस आपल्यापेक्षा खालचा. दुसरी गोष्ट जास्त वाईट, कारण जो मुलगा हे ऐकून वाढतो तो पुढे मेकॅनिककडे जातो तेव्हा त्याला नीट प्रश्नही विचारत नाही. आणि जो खरंच त्या कामात रमला असता, तो ते लाजेने सोडून देतो.

पुढच्या वेळी गाडी दुरुस्तीला द्याल तेव्हा मुलाला, मुलीला बरोबर न्या. परवानगी घेऊन बाजूला उभं राहू द्या आणि एकच प्रश्न विचारायला सांगा : ‘काका, हे आधी का काढलंत?’ बहुतेक मेकॅनिक मनापासून उत्तर देतात.

चर्चेसाठी प्रश्न

१. ‘आधी मायनस काढा’ हा नियम कोणत्या गाडीत चुकतो? योग्य नियम तुमच्या शब्दांत लिहा.
२. ५/८ इंचाच्या नटाला १६ मिमीचा पाना चालेल का? हिशोब करून सांगा.
३. तापमानाचा मीटर बॅटरी काढल्यावरही का चालू शकतो?
४. तुमच्या घरातली अशी एक वस्तू शोधा जी ओढून निघत नाही, पण युक्तीने निघते. ती युक्ती पाच ओळींत लिहा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुद्दाम देत नाही. आधी तुम्ही करा, मग मुलांना द्या.